जवारी आणि गोल बटण

ॲक्सेसरीजच्या दुकानात गाडीचा नवा स्टिरिओ ऐकवतात तो धडधडणाऱ्या गाण्यावर. बेस पूर्ण वाढवलेला, काचा थरथरतायत आणि बाहेर जालना रोडचे हॉर्न. त्या गोंगाटात कुठलाही डेक बराच वाटतो. मी पेनड्राइव्हवर किशोरीताई आमोणकरांचा भूप घेऊन जातो, काचा वर करतो आणि आवाज लहान ठेवायला सांगतो. तार छेडल्यावर मागाहून उमलत जाणारी तंबोऱ्याची जवारी प्रत्येक तारेची वेगळी कळली पाहिजे. हलक्या डेकवर चारही तारांचा मिळून एकच गुंजारव होतो. मग तबल्याचा बायाँ. मनगट सरकताना होणारा घिस्सा ऐकू येतो, की नुसताच ‘धप्प’? एवढ्यात डेकची जात कळते.

खोक्यावर ‘४ × ५० वॅट’ छापलेलं असतं. त्यावर भुलू नये. इंजिन चालू असताना गाडीतून मिळतात साधारण १४.४ व्होल्ट. त्यावर डेकमधला नेहमीचा ॲम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ सूर देतो तो फार तर २५ वॅटचा. ध्वनीची लाट चेपून पार चौकोनी झाली, म्हणजे सूर फाटला, की मगच आकडा पन्नासला पोचतो.

खरी परीक्षा मात्र वेरुळच्या रस्त्यावर. दौलताबादला किल्ल्याच्या तटातल्या जुन्या दरवाजातून गाडी काढायची, समोरून एसटी, आणि त्याच वेळी आवाज कमी करायचाय. गोल बटण असेल तर बोटं आपोआप तिथे जातात. नुसता टचस्क्रीन असेल तर मान खाली घालावी लागते. ताशी ६० च्या वेगात दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते! मोठा, चकचकीत पडदा हवा म्हणून लोक हे बटण घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आकाशवाणीचं १०१.७ लावून खुलताबादहून खाली उतरावं. डोंगर आड येतो तशी खरखर सुरू होते. चांगला ट्यूनर स्टिरिओचा हट्ट सोडून हळूच मोनोवर येतो आणि निवेदकाचा शब्द जपतो. वाईट ट्यूनर फुत्कारत राहतो.

दुकानातली आणि रस्त्यावरची, अशा दोन्ही परीक्षांत डेक उतरला तर बसवून घ्यावा, पण गाडीची मूळ वायर कापू न देता, कपलर लावूनच.