आमच्या घरचं खेळाचं कपाट

बालमित्रांनो, व्हिडिओ गेम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? मोबाईल! पण आई-बाबांना विचारून बघा. त्यांच्यापैकी कितीतरी जणांना एक उंच लाकडी कपाट आठवेल. वरच्या बाजूला टीव्हीसारखा पडदा, खाली एक दांडा आणि रंगीत बटणं. नाणं टाकायचं आणि उभ्याउभ्या खेळायचं. या यंत्राला आर्केड म्हणतात. असं एक छोटं कपाट गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही घरीच बनवलं. आम्ही म्हणजे मी, सातवीतला माझा भाचा आणि चौथीतली भाची. मी आहे प्राथमिक शाळेतली शिक्षिका. सुतारकाम मला येत नव्हतं आणि इलेक्ट्रॉनिक्स तर त्याहून नाही. हे मुद्दाम सांगते, म्हणजे "आपल्याला नाही बुवा जमायचं" असं तुम्ही म्हणणार नाही!

या यंत्रांची गोष्ट मोठी गमतीची आहे. 1972 साली अमेरिकेत अटारी कंपनीतल्या ॲलन अल्कॉर्न या इंजिनिअरने 'पाँग' नावाचा खेळ तयार केला. पडद्यावर दोन पट्ट्या आणि एक ठिपका, म्हणजे टेबल टेनिसच. त्याचं पहिलं यंत्र कॅलिफोर्नियातल्या सनीवेल गावी ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत ते बंद पडलं. उघडून पाहतात तर काय, बिघाड काहीच नाही! नाण्यांचा डबा काठोकाठ भरला होता.

पुढे 1978 साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इनव्हेडर्स' हा खेळ आणला. त्यात 11 च्या 5 रांगा, म्हणजे 55 परग्रहवासी खाली सरकत येतात. जसजसे ते कमी होतात, तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. का माहीत आहे? यंत्र एका वेळी एकालाच हलवत असे. वर्गात 55 मुलं असली की हजेरीत तुमचा नंबर पुन्हा यायला वेळ लागतो, पण पाचच मुलं असली तर लगेच येतो. तसंच हे! यंत्राची ती मर्यादा होती, पण खेळायला तीच मजेदार वाटते म्हणून निशिकादोंनी ती तशीच राहू दिली.

आता आमच्याकडे वळू या. माझ्या भाचीच्या उजव्या हाताची बोटं जन्मापासून नीट मिटत नाहीत. लिहिते डाव्या हाताने, तेही मोत्यासारखं! पण घरात चार मुलं जमली आणि मोबाईलवर खेळ सुरू झाला, की तिचा अंगठा काचेवर हवा तिथे पडत नाही. मग बाकीची मुलं तिला म्हणत, "तू मार्क मोज." ती मोजायची. कधी तक्रार केली नाही. ती तक्रार करत नाही, हेच मला खुपत होतं.

म्हणून ठरवलं, विकतचं काही आणायचं नाही. विकतची वस्तू सगळ्यांसाठी एकाच मापाची असते. घरी केलेली वस्तू आपल्या मापाची करता येते.

आधी आम्ही लाकडाला हातच लावला नाही. फ्रीजचं रिकामं खोकं आणलं आणि पुठ्ठ्याचं पूर्ण मापाचं कपाट केलं. चौरंगावर ठेवायचं आणि समोर मांडी घालून बसायचं, असा बेत होता. आणि इथेच भांडण जुंपलं! भाच्याला हवी होती सहा बटणं. मारामारीच्या खेळांना तेवढी लागतात. भाचीला बोटांनी नव्हे, तळहाताने दाबता येईल असं एकच मोठं बटण हवं होतं. पॅनेलवर दोन्ही मावेना.

मी निकाल दिला नाही. नुसतं म्हटलं, "दोघंही पुठ्ठ्यावर बटणं काढा आणि खेळून बघा." संध्याकाळी पाहते तर भाच्याने उजव्या हातात बाबांचा लोकरी मोजा चढवला होता! सहा वर्तुळांवर त्याचा हात धडपडत होता. बराच वेळ झाला. मग त्याने मोजा काढला, सहाही वर्तुळांवर काट मारली आणि म्हणाला, "मावशी, अगं, एकच ठेवू. पण पॅनेल स्क्रूने बसव हं. पुढेमागे बदलता आलं पाहिजे."

1980 साली जपानच्या तोरू इवातानी यांनी केलेल्या 'पॅकमॅन' खेळात दांडा आहे, पण मारायला-उडवायला एकही बटण नाही. तरी जग त्याच्यामागे वेडं झालं! खेळ चांगला असायला बटणं ढीगभर लागत नाहीत, हे आम्हाला तिथून पटलं.

मग आमच्या आळीतल्या सुतारकाकांना गाठलं. 12 मिलिमीटर जाडीचं प्लायवूड त्यांनीच निवडून दिलं. "बाई, दोनदा मोजा, एकदाच कापा," हे त्यांचं पहिलं वाक्य. दोन्ही बाजूंच्या फळ्या एकावर एक ठेवून एकदमच घासल्या, म्हणजे मापात तंतोतंत सारख्या झाल्या. कोपरे गुण्याने तपासले. कापायच्या रेघेवर चिकटपट्टी लावली आणि भोकं पाडताना खालून टाकाऊ लाकूड दाबून धरलं, म्हणजे प्लायच्या चिरफळ्या निघत नाहीत. यंत्राने कापायचं काम काकांनी केलं. घासणं, फेव्हिकॉल लावणं आणि रंग देणं आमच्याकडे.

दांडा उलटा करून पाहिला, तर खाली चार बाजूंना चार छोटी बटणं. त्यांना मायक्रोस्विच म्हणतात. आत एक लवचिक पाती असते. थोडं दाबलं की ती एकदम पलटते आणि 'टक्' असा आवाज येतो. मुलांनी टॉर्चचा बल्ब आणि सेल जोडून एकेक स्विच तपासला. आणि एक शोध लागला! दांडा डावीकडे ढकलला की दिवा उजवीकडच्या स्विचचा लागतो. असं कसं? दांडा मधोमध टेकलेला असतो. सी-सॉसारखं वरचं टोक एका बाजूला गेलं की खालचं टोक दुसऱ्या बाजूला जातं. पाठ्यपुस्तकातली तरफ अशी घरी भेटली.

स्विचच्या तारा एका छोट्या पट्टीला जोडल्या. स्विच दाबला की ही पट्टी संगणकाला सांगते, "कीबोर्डवरची अमुक कळ दाबली." संगणक म्हणजे रास्पबेरी पाय, जवळजवळ पत्त्यांच्या कॅटएवढा! पडदा म्हणून कुणीतरी टाकून दिलेला 17 इंची मॉनिटर. तो थोडा मागे कलता बसवला आणि गरम हवा बाहेर जावी म्हणून पाठीमागे भोकं ठेवली. रास्पबेरी पायला पाचच व्होल्ट लागतात. पण भिंतीतली वीज 230 व्होल्टची! तिथली जोडणी वायरमनकाकांनी केली, अर्थिंगसकट. या कामाला मुलांनी हात लावायचा नाही म्हणजे नाही.

आता खेळ कुठून आणायचा? जुने प्रसिद्ध खेळ फुकट उतरवून घेता येतात, असं भाचा म्हणाला. पण ते कुणाच्या तरी मालकीचे असतात. शेजारच्या झाडाच्या कैऱ्या विचारल्याशिवाय तोडाव्या का? मग मुलांनीच 'स्क्रॅच'मध्ये खेळ रचला. नाव ठेवलं 'कैरीचोर'. दांड्याने टोपली सरकवायची, बटण दाबलं की माकडाला हुसकवायचं. माकड भाचीने काढलं. कैऱ्या पडायचा वेग किती, यावर दोन दिवस वाद चालला.

मोठं बटण आलं, 60 मिलिमीटरचं, लालभडक. पुठ्ठ्यावर भाचीने त्याची जागा चार वेळा हलवायला लावली होती. "मावशी, अजून थोडं खाली घे ना." तिचा तळहात जिथे आपोआप टेकतो, बरोबर तिथे ते बसलं.

पहिल्या दिवशी शेजारची सगळी मुलं जमली. भाची खेळायला बसली. डावा हात दांड्यावर, उजवा बटणावर. टक्, टक्, टक्! माकडं पळत होती. पहिला नंबर काही तिचा आला नाही, तिसरा आला. हरल्यावर ती चिडली, पाय आपटले आणि म्हणाली, "परत! माझा नंबर परत लावा!" इतकी छान चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. आणि मार्क कोण मोजत होतं? कुणीच नाही. ते काम आता यंत्राकडे आहे.

पालकहो, मुलांच्या हातातला मोबाईल ओढून घेण्याआधी त्यांच्या हातात गुण्या आणि पट्टी देऊन बघा. खेळण्यात गेला असता त्याहून कितीतरी जास्त वेळ खेळ तयार करण्यात जातो आणि तो सत्कारणी लागतो.

आणि मुलांनो, तुम्ही आज एवढंच करा. एक रिकामं खोकं घ्या, त्यावर दांड्याची आणि बटणांची जागा काढा. मग तुमच्या गटात जो नेहमी बाजूला बसून मार्क मोजतो, त्याला बोलवा आणि विचारा, "तुझ्या हाताला कुठे सोयीचं पडेल?" सुरुवात तिथून करा. करवतीचं काम नंतर!