दहा गोळ्यांचा हिशेब

अर्बनमेक धावतो तेव्हा एका डावात तीन घरं ओलांडतो. चालला तर दोन, उडी मारली तरी दोनच. बॅटलटेकच्या पटावर त्याच्याइतकं संथ यंत्र शोधावं लागतं. शंभर टनांचा अ‍ॅटलस हा त्या खेळातला राक्षस समजला जातो. तोसुद्धा चालत तीन आणि धावत पाच घरं जातो. म्हणजे तीस टनांच्या या पिटुकल्याला राक्षसापासून पळूनही जाता येत नाही. हत्यारं दोनच: दहा ताकदीची एक तोफ आणि नावापुरती एक छोटी लेझर. तोफेला गोळ्या दहा. गोल डोक्याचा, आखूड पायांचा. जगभरचे खेळाडू त्याला प्रेमाने कचऱ्याचा डबा म्हणतात.

माझं या यंत्रावर प्रेम आहे. ते आजही आहे, आणि ती चूक नव्हती. चुका झाल्या त्या त्याची बाजू मांडताना.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॅटलटेक १९८४ साली अमेरिकेत निघाला. षटकोनी घरांचा पट, दोन फासे, आणि माणूस आत बसून चालवतो अशी प्रचंड लढाऊ यंत्रं, म्हणजे मेक. परभणीत त्याचा पट किंवा मूर्ती कुठल्या दुकानात मिळण्याची शक्यता नव्हती. आमच्या हाती आला तो मेगामेक. याच नियमांवर चालणारा, फुकट मिळणारा संगणकावरचा खेळ. जुन्या लॅपटॉपवर चालतो, ग्राफिक कार्ड लागत नाही. शिवाय आळीपाळीने खेळायचा असल्यामुळे मध्येच लाइट गेली किंवा नेट अडकलं तरी फारसं बिघडत नाही. डाव सेव्ह करायचा, दुसऱ्या रात्री पुढे चालू. वसमत रोडवरच्या घरात मी, पुण्यात माझा आतेभाऊ, जिंतूरला एक मित्र, आणि सगळ्यात लहान म्हणजे सोनपेठकडचा, तेव्हा कृषी विद्यापीठात शिकणारा एक मुलगा. तो मला दादा म्हणायचा आणि मी सांगेन ते मनावर घ्यायचा. हे शेवटचं मी तेव्हा लक्षात घेतलं नाही.

आतेभाऊ पहिल्यापासून म्हणायचा की अर्बनमेक दुबळा आहे. मला ते सोसायचं नाही. मी आकडे काढले. या खेळात प्रत्येक यंत्राला लढाऊ मूल्य असतं, दोन्ही बाजू सारख्या ताकदीच्या व्हाव्यात म्हणून. अर्बनमेकचं मूल्य ५०४, अ‍ॅटलसचं १८९७. माझा युक्तिवाद असा, की एका अ‍ॅटलसच्या किमतीत तीन अर्बनमेक येतात, वर मूल्य शिल्लक राहतं. तीन तोफा एका वेळी तीस ताकदीचा मारा करतात. मग दुबळा कोण?

कागदावर हे पटतं. पण मी एका डावाचा मारा मोजत होतो, पूर्ण लढाईचा नाही. तिघांच्या मिळून गोळ्या तीस. मध्यम अंतरावरून, चालत्या स्थितीत, साध्या झाडीतल्या शत्रूवर नेम धरला तर दोन फाशांवर आठ किंवा जास्त पडावे लागतात. तशी शक्यता छत्तीसात पंधरा. तीस गोळ्यांतल्या बारा-तेरा लागतील, म्हणजे सगळी कोठारं रिकामी करून सव्वाशेच्या आसपास मारा. अ‍ॅटलसचं चिलखत ३०४. त्यातही गोळ्या एकाच जागी लागत नाहीत. कधी हात, कधी पाय, कधी खांदा. नशीब जोरावर असलं तर भागतं, नाहीतर लढाईच्या मध्यावर तीन तोफा मुक्या होतात आणि समोर राक्षस उभाच असतो. हे गणित अवघड नव्हतं. मी ते केलं नाही, कारण उत्तर काय येईल याचा अंदाज मला होता.

दुसरी गफलत चिलखताची. लोकस्ट हा वीस टनांचा चपळ मेक, चिलखत ६४. अर्बनमेकचं ९६. मी छातीठोकपणे सांगायचो की आपला गडी दीडपट टिकतो. पण या खेळात वेग हेच चिलखत असतं. जितकी जास्त घरं धावाल तितका समोरच्याचा नेम अवघड होतो. साधा नेमबाज, मध्यम अंतर, तोही चालत असलेला. दोन घरं चाललेल्या अर्बनमेकवर त्याला सात किंवा जास्त लागतात: छत्तीसात एकवीस. दहा घरं धावलेल्या लोकस्टवर अकरा किंवा जास्त: छत्तीसात तीन. म्हणजे ज्याला मी दीडपट टिकाऊ म्हणत होतो त्याला गोळ्या सातपट लागत होत्या. आतेभावाने हे एकदा सांगितलं होतं. मी विषय बदलला.

विषय बदलून मी लूनावर गेलो. म्हटलं, लूनाची ताकद ती काय, पन्नास सीसी; तरी आपल्याकडे तिने दुधाचे कॅन वाहिले, कडब्याच्या पेंढ्या वाहिल्या, काळ्या रानातल्या वाटा तुडवल्या. तो म्हणाला, "खरंय की. पण दादा, लूनावर कुणी शर्यत लावत नाही. तू लावायलास."

याच्यावर मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी पुरावे तयार केले. मेगामेकमध्ये माणूस नसेल तर समोर संगणक खेळतो. त्याचं नाव प्रिन्सेस. मी तीन अर्बनमेक घेऊन प्रिन्सेसच्या अ‍ॅटलसशी लढायचो. पट मी निवडायचो, नेहमी दाट वस्तीचं शहर. सुरुवातीचं अंतरही मीच ठरवायचो. कोपऱ्याआड थांबायचं, राक्षस गल्लीत शिरला की दोन मजली इमारतीवर उडी मारून बाजूने तोफ डागायची. संगणक बिचारा सरळ चालत यायचा. जिंकलो की त्या डावाचं चित्र गटात टाकायचो. हरलेल्या डावांबद्दल अवाक्षर नाही. मी खोटं बोललो नव्हतो, पण जे दाखवत होतो त्यातून खोटंच उभं राहत होतं.

सोनपेठच्या मुलाने ते सगळं खरं मानलं. त्याने मेक-एचक्यूमध्ये मोठी मोहीम सुरू केली होती. तिथे भाडोत्री फौज सांभाळायची असते: पगार, दुरुस्त्या, जखमी पायलटांचे उपचार. पायलट मेला की तो कायमचा गेला. त्याने आपल्या पायलटांना जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं दिली होती. पाथरी, मानवत, सेलू, पालम. पैसा थोडा होता. कुठले मेक घेऊ म्हणून त्याने मला विचारलं. मी क्षणही न घालवता म्हटलं, चार अर्बनमेक.

त्याच्या वाट्याला काम आलं ते मोकळ्या माळरानावर रसदगाड्यांना सोबत करण्याचं. गाड्या पुढे निघून गेल्या. अर्बनमेक मागे राहिले, आणि शत्रूच्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांनी त्यांना एकेक करून गाठलं. पालमच्या यंत्रात सगळ्या दहा गोळ्या शिल्लक होत्या. दारूगोळ्याच्या जागी मार बसला की उरलेली प्रत्येक गोळी आतच फुटते. पालम तिथेच संपला. सेलू त्याच्या पुढच्या डावात.

त्याने रात्री मला सगळं लिहून पाठवलं. तक्रार नव्हती, कुठे चुकलं एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं. मी उत्तर दिलं, "तू वापरलेस चुकीचे. अर्बनमेक शहरात वापरायचा असतो."

या सगळ्या प्रकरणात मला आजही लाज वाटते ती या दोन वाक्यांची. ही अट मला माहीत होती. म्हणून तर मी दर वेळी शहर निवडत होतो. ती अट मी त्याला आधी सांगितली नाही. हरल्यावर मात्र त्याच्या माथी मारली. तो "बरं दादा" म्हणाला आणि हळूहळू खेळायला यायचा बंद झाला. परीक्षा असतील, असं मी इतरांना सांगत राहिलो.

शेवटी जिंतूरच्या मित्राने मला स्पष्ट विचारलं की तू हरलेले डाव का दाखवत नाहीस. मेगामेक प्रत्येक लढाईची नोंद लॅपटॉपवर ठेवतो. मी त्या नोंदी उघडून बसलो. जिंकलेले डाव जवळजवळ सगळे शहरातले, संगणकाविरुद्धचे. मोकळ्या पटावर माणसासमोर खेळलेले बहुतेक हरलेले. मी त्या सगळ्या, निवड न करता, गटात टाकल्या. मग त्या मुलाला फोन केला. सल्ला मी अर्धवट दिला होता, चूक माझी होती आणि ती मी तुझ्यावर ढकलली, असं सांगितलं. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं मलाच खेळता येत नाही."

त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली. कुठल्याही यंत्राबद्दल दावा करायचा तर एकच पट दोनदा खेळायचा, दुसऱ्यांदा बाजू बदलून, आणि समोर माणूसच हवा. या पद्धतीत अर्बनमेकची खरी लायकी दिसली, आणि ती मला वाटली होती तितकी कमी नव्हती. दाट शहरात लोकस्टला सलग दहा घरं धावायला रस्ताच सापडत नाही. त्याचं वेगाचं चिलखत गळून पडतं. तिथे कोपऱ्यावर उभी असलेली दहा ताकदीची स्वस्त तोफ त्याला नकोशी होते. एखादी वस्ती किंवा तळ राखायचा असेल, शत्रूलाच आपल्याकडे यायचं असेल, तर त्या मूल्यात याहून चांगला पहारेकरी मिळणं कठीण. बाहेर मैदानात त्याला नेऊ नये. इतकं साधं आणि पूर्ण वाक्य मी सुरुवातीलाच बोललो असतो तर आतेभावाशी वाद उरलाच नसता.

एक गोष्ट मी फार उशिरा पाहिली. अर्बनमेकवर जीव टाकणारे लोक जगभर आहेत. मेकवॉरियर ऑनलाइन या खेळात तो यावा म्हणून चाहत्यांनी किती मागणी लावून धरली होती. २०१५ साली तो आला. त्याची मऊ खेळणीसुद्धा निघाली. यातले बहुतेक लोक तो बलवान आहे असं म्हणतच नाहीत. त्यांना त्याचं संथपण ठाऊक आहे आणि तरी तो हवा आहे. प्रेमाला पुरावा लागतो असं फक्त मी धरून बसलो होतो.

मुलगा परत आला. त्याच्या नव्या फौजेत अर्बनमेक एकच आहे, तळावर, आणि त्याचा पायलट गंगाखेड. सध्या आमचा वाद त्याच्या दुसऱ्या प्रकारावर चालू आहे, ज्यात दहाऐवजी वीस ताकदीची तोफ बसवलेली असते. तिच्यासाठी दोन टन चिलखत कमी करावं लागतं, ९६ चं ६४ होतं, आणि गोळ्या उरतात पाच. माझं म्हणणं, गल्लीच्या तोंडाशी एकच गोळी लागली तरी हलक्या मेकचं काम तमाम होतं, तेव्हा पाच पुरतात. तो म्हणतो, नेम चुकला तर पाच म्हणजे दोनच. शनिवारी बाजू बदलून खेळायचं ठरलंय. पट त्याने निवडलाय.