कपाटाखालच्या लाद्या

दादा,

परवा फोनवर तू "कुठवर आलं?" विचारलंस आणि मी "चाललंय" म्हणून टाळलं. खरं म्हणजे दादरच्या घरात नवं असं अजून काहीच झालेलं नाही. तीन आठवडे नुसती तोडफोड. डेब्रिजच्या गोण्या जिन्यावरून उतरवायच्या, त्याही दोन ते चार सोडून, कारण खालच्या काकू झोपतात.

कंत्राटदार पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, लाद्या राहू द्या, वरून व्हिट्रिफाइड मारू." म्हणजे सगळी दारं खालून तासायची. नाही म्हटलं. मग म्हणाला, गॅलरी बंद करून हॉल वाढवू. त्यालाही नाही. प्लेगनंतर, १८९८ मध्ये निघालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आपली हिंदू कॉलनी मोकळ्या हवेसाठी आखली, आणि आपण तिथे सरकत्या काचा लावून एसी घ्यायचा?

पण जुनं म्हणून सगळंच जपतेय असं समजू नकोस. वायरिंग पाहिलं असतंस तर घाबरला असतास. लाकडी पट्टीतल्या वायरींच्या रबराचा हात लावताच भुगा होत होता, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि त्यावर आपला गीझर चालला! सगळं काढलं. जीआय पाइपही काढले. आत गंजाने करंगळीएवढीच वाट उरली होती. मोरीच्या छतात सळया गंजल्यात. गंजली की सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. बाबा दर पावसाळ्यानंतर तिथे सिमेंट थापून चुना मारायचे, आठवतं? हातोडी लागताच ताटाएवढा पोपडा खाली आला. आता आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग बाकीचे. बजेटचं विचारू नकोस.

दारांवर ऑइलपेंटचे पाच थर आहेत. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासू देत नाही, कामगार वैतागलेत. पण एका दाराखाली सागवान दिसलंय.

आता मुख्य गोष्ट. बाबांनी हॉलमध्ये बसवलेलं ते अवाढव्य कपाट काढलं, तर खालच्या लाद्या हिरव्या! चक्क हिरव्या, मध्ये पिवळं फूल. आपण जन्मभर त्या करड्याच पाहिल्या. या लाद्या भाजलेल्या नसतात. रंगीत सिमेंट साच्यात ओतून प्रेसखाली दाबतात, रंगाचा थर जेमतेम काही मिलिमीटर. आणि आई दर दिवाळीला हौसेने अ‍ॅसिड ओतून घासायची. कपाटाखाली तेवढा तिचा हात पोचला नाही. पॉलिशवाला म्हणतो, अगदी हलकं घासलं तर बाकीच्यांचाही थोडा रंग वर येईल.

मोरीच्या दाराशी चार फुटल्यात. कपाटाखालच्या काढून तिथे लावायला मन होत नाही. पुण्याला बिऱ्हाड हलवताना माळ्यावरच्या सुट्या लाद्या तू कुंड्यांखाली ठेवायला नेल्या होत्यास. रविवारी येताना घेऊन ये. वहिनीला मी सांगते.

तुझी,
छकुली