आमचं नटणं, आमचं गाणं

मला दोन गोष्टींचं वेड आहे. एक कपड्यांचं. मिलान-पॅरिसमध्ये एखाद्या डिझायनरचं नवं कलेक्शन सादर झालं की गंगाखेडात बसून मी ते मोबाइलवर पाहते, थांबवून थांबवून पाहते, आणि बाही कशी बसवली, चुणी कुठून काढली हे वहीत उतरवून घेते. दुसरं वेड समोर बसून ऐकायच्या गाण्याचं. ढोलकी, पेटी, बेंजो आणि माणसाचा गळा. रेकॉर्ड केलेलं गाणं मला अर्धंच वाटतं.

ही दोन्ही वेडं सांगितली की चळवळीतले माझे दादा-ताई जरा अवघडतात. त्यांचा प्रश्न साधा आणि रास्त आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, परभणीत, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. अशा जिल्ह्यात राहून तुला कपडे आणि गाणी कशी सुचतात? हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, आपले नाहीत.

या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही, म्हणून आधी दोन बातम्या आठवून द्यायच्या आहेत. २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलची रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती, त्यावरून वाद सुरू झाला, अशी ती बातमी होती. २०२३ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला मारहाण झाली. चांगले कपडे आणि डोळ्यांवर गॉगल घातला हे गावातल्या काहींना खुपलं, अशी त्याची तक्रार होती. एका ठिकाणी गाणं, दुसऱ्या ठिकाणी कपडे. जी गोष्ट फुटकळ असते तिच्यावरून कोणी कोणाचा जीव घेत नाही. आपल्या नटण्याचं आणि गाण्याचं वजन किती आहे, हे आपल्याआधी मारणाऱ्यांना कळलेलं असतं.

आणि त्यांना ते आज कळलेलं नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय नेसावं हे लिहून ठेवलं आहे: प्रेतावरची वस्त्रं नेसावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत. म्हणजे कपडा ही आपल्यापुरती आवडीनिवडीची गोष्ट कधी नव्हतीच. तो कायदा होता. माणूस दुरून येताना दिसला की त्याची जात कळली पाहिजे, यासाठी केलेली ती सोय होती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला, हे आपण दरवर्षी सांगतो. पण त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, ते आपण कमी सांगतो. लुगडं नेसण्याच्या तुमच्या पद्धतीवरून तुमची जात ओळखू येते, गळ्यातल्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे चांदीचे-कथलाचे दागिने हीही अस्पृश्यतेची खूण आहे, ती खूण पुसून टाका, असं त्यांनी सांगितलं. कपडे फाटके असले तरी चालतील, पण स्वच्छ ठेवा, हेही सांगितलं. आणि बायकांनी त्यावर चर्चासत्र भरवलं नाही. दुसऱ्या दिवशी अनेकजणी पायघोळ लुगडं नेसूनच आल्या.

विचार करून पाहा. ज्या परिषदेत कायद्याचा ग्रंथ जाळला, तिथेच निऱ्या कशा घालायच्या हाही विषय निघाला. बाबासाहेबांना तो हलका वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

त्यांच्या स्वतःच्या सुटाबद्दलही हेच. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत सदरा सोडून पंचा धरला. ज्याच्याकडे कपडे आहेत त्याने ते सोडले की त्याग होतो. ज्याला पिढ्यान् पिढ्या उघडं ठेवलं, त्याने आणखी काय सोडायचं? त्याने घालायचं. म्हणून गावोगावच्या पुतळ्यांवरचा तो निळा सूट, ती टाय, तो खिशातला पेन आपल्याला साहेबी थाट वाटत नाही. तो आपल्याला आपला माणूस वाटतो.

आता गंगाखेडचं सांगते. माझी माय शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, लेकरांचे फ्रॉक. मार्च उजाडला की आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते, कारण चौदा एप्रिल जवळ येते. निळ्या साड्यांचे निळे ब्लाउज, पांढऱ्या साडीवर निळ्या पायपिनचे ब्लाउज, पोरांना निळे जाकीट, लहान पोरींना पांढरा फ्रॉक आणि निळा पट्टा. वर्षभर शेतात निंदण-खुरपण करणारी बाई मायला सांगते, "ताई, औंदा गळा मागून चौकोनी पाहिजे." तिच्या मनात तो गळा सहा महिन्यांपासून असतो. डिझायनर लोक कलेक्शन कशाला म्हणतात? एकाच कल्पनेभोवती बांधलेले, एकाच वेळी सगळ्यांसमोर मांडलेले कपडे. मग चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला दुसरं काय म्हणायचं? फरक इतकाच, की आमच्याकडे बघणारे वेगळे आणि मिरवणारे वेगळे असे दोन गट नसतात.

कॉलेजात असताना एकदा स्नेहसंमेलनात मी स्वतः शिवलेलं जाकीट आणि नवे बूट घालून गेले होते. तेव्हा शिक्षकांपैकी एकजण हसत म्हणाले, "शिष्यवृत्ती बुटांत गेली वाटतं." बाकीच्यांच्या महागड्या बुटांचा हिशेब कोणी विचारला नाही. गरिबाच्या अंगावर चांगला कपडा दिसला की समाज पावती मागतो. ही पावती मागण्याची सवय मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातूनच आलेली आहे, फक्त भाषा सभ्य झाली आहे.

पण फॅशनच्या दुनियेवर मी भाळून गेले आहे असं समजू नका. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांचं नवं कलेक्शन सादर केलं. त्यात मॉडेलांच्या पायात थेट आपली कोल्हापुरी होती. कंपनीने सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. महाराष्ट्रात संताप झाला, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं, मग कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या 'लिडकॉम' आणि कर्नाटकच्या 'लिडकर' या महामंडळांशी करार झाला. दोन्ही राज्यांतल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे आणि सुमारे ८०० युरोंना, म्हणजे ऐंशी हजार रुपयांहून जास्त किमतीला विकायचे, अशी घोषणा झाली. काही शे रुपयांपासून मिळणाऱ्या चपलेची ही नवी किंमत.

त्या सगळ्या गदारोळात एक गोष्ट माझ्या कानाला खटकत राहिली. महाराष्ट्राची अस्मिता, कोल्हापूरचा वारसा, शाहू महाराजांची भूमी, सगळं बोललं गेलं. पण बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमावणारे ढोर आणि ते कापून, वेणी गुंफून चप्पल बांधणारे चर्मकार, यांचं नाव किती जणांनी घेतलं? २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना. मानांकनात जिल्हे आले, हात आले नाहीत. त्याच राज्याने २०१५ मध्ये बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी घातली, तेव्हा कातड्यावर जगणाऱ्या घरांचं काय होणार याची चिंता या अस्मितावाल्यांपैकी किती जणांनी केली? चप्पल वारसा आणि चप्पल करणारा अदृश्य, हा न्याय मिलानने शिकवलेला नाही. तो आपल्या गावचाच आहे.

इथे आपल्यातलाच एक प्रश्न उभा राहतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका, गावकीची हलकी कामं सोडा म्हणून सांगितलं. मग आता कारागिरीचा गौरव करायचा म्हणजे पोरांना पुन्हा त्याच जातीच्या धंद्याला बांधायचं का? माझं उत्तर असं आहे: ज्या कामातून उठून जाता येतं, तेच काम कला असतं. चर्मकाराच्या मुलीला वकील होता आलं पाहिजे, आणि तिला चपलेचं डिझाइन करायचं असेल तर त्या डिझाइनवर तिचं नाव आणि नफ्यात तिचा वाटा पाहिजे. मुंबईत सुधीर राजभर यांनी 'चमार' हेच नाव घेऊन स्टुडिओ काढला. शिवी म्हणून वापरलेला शब्द त्यांनी पिशव्यांवर मिरवला आणि कातड्याऐवजी टाकाऊ रबर वापरलं. हत्यार आपलं, माल नवा, नाव उघड. ही वाट मला पटते.

१९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. फॅशनच्या धंद्यात हे दोघे एकाच टेबलावर जेवतात. एकजण कारागिराचं नाव पुसतो, दुसरा त्याची मजुरी कापतो. म्हणून त्या ८०० युरोंतले शिवणाऱ्या हातापर्यंत किती पोहोचतात, हा प्रश्न आपण विचारत राहिला पाहिजे.

गाण्याचीही कहाणी कातड्यासारखीच आहे. हलगी हे तर कातड्याचंच वाद्य. गावात हलगी कोणी वाजवायची, कोणाच्या दारात वाजवायची, वाजवून झाल्यावर कुठे बसायचं, हे ठरलेलं. वाजवणाऱ्याला त्याचं मोल नाही, मान तर नाहीच. म्हणून धर्मांतरानंतर अनेकांनी हलगी खाली ठेवली आणि ते बरोबर केलं. पण गाणं खाली ठेवलं नाही. सत्यशोधक जलशांनी वाट दाखवली होतीच. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाचाच साचा घेऊन त्यात चळवळीचा मजकूर भरला. वामनदादा कर्डक गावोगाव हिंडले. ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हतं, आलं तरी वाचणारं कोणी नव्हतं, त्या घरात बाबासाहेब गाण्यातून पोहोचले. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण महाड आणि काळाराम तिला तोंडपाठ होते. तिचं विद्यापीठ म्हणजे रात्री दहानंतर रंगणारी गायन पार्टी.

ज्यांनी ती ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगते. गायक एक कडवं म्हणतो, खालून कोणीतरी दहाची, पन्नासची नोट घेऊन मंचावर जातो, गायक चाल न मोडता त्याचं नाव गाण्यात गुंफतो आणि "जय भीम" म्हणून पुढे जातो. ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्याचं नाव एका रात्रीपुरतं साऱ्या गावाच्या कानावर पडतं. हे रेकॉर्डमध्ये होत नाही. गायक बघतो की समोर म्हाताऱ्या जास्त आहेत, तो रमाईचं गाणं काढतो. तरुण पोरं उठायला लागली की ढोलकीवाला लय वाढवतो. ऐकणारे आणि गाणारे मिळून ती रात्र रचतात.

आज ही रात्र डीजेने गिळली आहे. भोंग्यांच्या भिंतीपुढे छाती हादरते, पण शब्द कळत नाहीत. डीजेवाल्या पोरांना शिव्या घालणारे शहाणे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. वर्षभर मान खाली घालून राबणाऱ्या पोराला एक दिवस रस्ता आपला वाटावा, यात वाईट काय? शिवाय दहाच्या ठोक्याचा ध्वनिप्रदूषणाचा नियम सगळ्याच मिरवणुकांना सारख्याच काटेकोरपणे लागतो का, तेही एकदा तपासावं. माझा आक्षेप निराळा आहे. डीजेच्या भाड्यात जी वर्गणी जाते, तिच्यातून आपले गायक, ढोलकीवाले, बेंजोवाले जगत होते. ते आता मजुरीला जातात. आपल्याच हाताने आपण आपलं विद्यापीठ बंद पाडतो आहोत.

नवं करता येत नाही असंही नाही. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभं राहिलं. वस्त्यांमधलं गाना संगीत, रॉक आणि रॅप त्यांनी एका मंचावर आणलं, आणि ज्या पराई वाद्यावर जातीचा शिक्का होता ते मानाने वाजवलं. आपल्याकडे कडूबाई खरात नुसत्या एकतारीवर गातात आणि मोबाइलवर लाखो लोक थांबून ऐकतात. एकतारीला भोंग्यांची भिंत लागत नाही.

शेवटी माझ्या गावाची एक आठवण. गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव, असं सगळे सांगतात. संतांनी जातिव्यवस्थेवर घाव घातला नाही, ही बाबासाहेबांची टीका मला मान्य आहे. पण त्याच बाबासाहेबांनी १९४८ मध्ये आपलं अस्पृश्यांवरचं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलं होतं. जनाबाईच्या नावावरच्या एका अभंगात दळण-कांडण करणारी दासी डोक्यावरचा पदर ढळलेला असताना टाळ-वीणा घेऊन भर बाजारात जायला निघते आणि लोक काय म्हणतील याची पर्वा करत नाही. पदर आणि वीणा. पेहराव आणि गाणं. गोदावरीच्या या काठावरची एक कष्टकरी बाई शेकडो वर्षांपूर्वी याच दोन गोष्टींनी मोकळी होऊ पाहत होती. देवळातल्या मूर्तीपेक्षा मला ती बाजारातली बाई जवळची वाटते.

म्हणून माझ्या दादा-ताईंना माझं म्हणणं सरळ आहे. येत्या जयंतीला वर्गणीतली एक रात्र गायन पार्टीसाठी राखून ठेवा, आणि कलावंतांना हार-नारळाबरोबर ठरलेलं मानधन वेळेवर द्या. मिरवणुकीतले कपडे ज्या बायांनी शिवले, त्यांची नावं मंचावरून घ्या. मोर्चात घोषणा द्यायला मी येणारच आहे. माझं जाकीट मी शिवलेलं असेल आणि ते निळं असेल.

जय भीम!