उसनी अक्कल आणि घरची अक्कल

लोणावळ्याहून लोकलने पुण्याला जाताना आकुर्डी लागतं. तिथल्या बजाजची गोष्ट मला सध्या फार आठवते. कारण असं, की आमचा पुतण्या तळेगावला छोटासा कारखाना चालवतो आणि त्याला प्रश्न पडलाय: हाती असलेल्या पैशात परदेशी तंत्र विकत घ्यावं, की स्वतःची माणसं संशोधनाला बसवावीत? मला यंत्रांतलं काही कळत नाही. पण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा तेवढ्यापुरतं बोलते.

बजाजने इटलीच्या पियाजिओकडून परवाना घेऊन वेस्पा बनवली. तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली चेतक आली. नाव आपलं, आराखडा मात्र बराचसा वेस्पाचाच. त्यात वाईट काही नव्हतं, स्कूटर घरोघरी पोचली. पण गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेलं असताना नवं शोधायची निकड कुणाला? पुढे नव्वदच्या दशकात लोक मोटरसायकलकडे वळले, तेव्हा ती निकड कळली.

म्हणून विकत घेणंच वाईट म्हणावं, तर तसंही नाही. मधल्या काळात, ऐंशीच्या दशकात, कंपनीने जपानच्या कावासाकीशी करार करून मोटरसायकली बनवल्या होत्या. त्या शिदोरीला पुढे स्वतःच्या संशोधनाची जोड मिळाली. २००१ साली पल्सर आली, २००३ साली तिला एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लगचं इंजिन बसलं. बाहेरच्यांची मदत तेव्हाही होती, पण आता ती घेणारे जाणते होते.

कोहेन आणि लेविन्थल या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९९० साली हेच मांडलं: स्वतःच्या संशोधनातून नवी वस्तू तर मिळतेच, शिवाय दुसऱ्याचं ज्ञान पचवायची ताकदही येते. आम्हा शिक्षकांना हे नवीन नाही. गाईड सगळ्याच मुलांकडे असायचं. ज्याने आधी स्वतः गणित सोडवून पाहिलंय, त्यालाच त्याचा उपयोग व्हायचा. बाकीचे आकडे बदलले की अडायचे.

पुतण्याला मी एवढंच सांगितलं, मशीन घे, पण सगळे पैसे त्यातच घालू नकोस. ते उघडून "हे असंच का?" विचारणाऱ्या एका तरी माणसाचा पगार बाजूला ठेव. निर्णय अर्थात त्याचा. त्यावर बारा कामगारांची घरं चालतात, म्हणून जीव थोडा टांगणीला आहे.

तुमच्यापैकी कुणी कारखानदारीत असाल तर जरूर कळवा. त्याला वाचून दाखवीन.