हाताला सूत, पायाला गती

‘ज्येष्ठांच्या घरगुती व्यायामावर सोपं काहीतरी लिहा,’ असं संपादकांनी कळवलं, तेव्हा माझ्या मनात एकच रुग्ण घोळत होती. लेख तिच्यापासूनच सुरू करते.

काकू मूळच्या बेळगावच्या, वय सत्तरीपुढचं. बंगळुरूला मुलाकडे, सर्जापूर रोडवरच्या एका अपार्टमेंटमध्ये राहतात. उजवा गुडघा बदलला, जखम भरली, आणि जिममधली सायकल रोज चालवायला सांगितली गेली. काकू पाच मिनिटांत उतरायच्या. दुखत नव्हतं, पण करमत नव्हतं. घरी त्यांचे हात मात्र कधी रिकामे नसत. मी त्यांना पाठ टेकायची सोय असलेल्या सायकलवर बसवलं आणि नातवाच्या स्वेटरचं विणकाम हातात दिलं. घड्याळ बघायचं नाही, चार बोटं विणून झालं की उतरायचं, एवढंच सांगितलं. काकू अर्धा अर्धा तास पाय फिरवू लागल्या.

मग जिममध्ये नवा प्रशिक्षक आला. ‘व्यायाम करताना लक्ष व्यायामातच हवं,’ असं सांगून त्यानं सुया बंद केल्या. मुलालाही ते पटलं. काकूंनी विणकाम सोडलं नाही, सायकल सोडली. काही महिन्यांनी त्या आल्या तेव्हा जिना उतरताना कठडा घट्ट धरत होत्या.

तो प्रशिक्षक निष्काळजी नव्हता. त्याचा समज बहुतेकांचा असतो. घाम गाळणं म्हणजे उपचार आणि लोकर म्हणजे विरंगुळा, अशी वाटणी लोकांनी करून टाकली आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे असं सांगितलं की आजही ‘म्हणजे फिजिओ ना?’ असं विचारतात. त्याचा आता थकवा येतो.

आमच्या शास्त्राची सुरुवातच हाताला काम देण्यापासून झाली. 1917 साली न्यूयॉर्क राज्यात क्लिफ्टन स्प्रिंग्जला या विषयाची पहिली अमेरिकी संस्था स्थापन झाली. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना माग, सुतारकाम, पायानं चालणारी करवत अशी कामं उपचार म्हणून दिली जात. करवतीचं पायटं मारताना गुडघा आणि घोटा हलत, आणि दिवसाअखेर हातात एखादी वस्तूही असे. हे शास्त्र आपल्याकडे आणलं कमलाबाई निंबकरांनी. जन्मानं अमेरिकी, लग्नानं मराठी घरातल्या. त्यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय सुरू केलं, ते आशियातलं पहिलं. 1952 साली या विषयाचा जागतिक महासंघ उभा राहिला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. मला याचा फार अभिमान आहे.

पुढे मात्र आमच्याच लोकांना माग आणि सुयांची लाज वाटू लागली. ‘टोपल्या विणायला लावणाऱ्या’ असं कोणी म्हणू नये म्हणून आम्हीही वजनं, कप्प्या, अंशांची मापं यांच्या मागे लागलो. सांध्याचे अंश मोजायलाच हवेत, मीही मोजते. पण ते अंश मिळवण्यासाठी माणूस रोज सायकलवर बसेल का, हा प्रश्न बाजूला पडला.

पायाची गती आणि हातातलं सूत यांची जोड आपल्याला नवी नाही. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघानं उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. यंत्र हातानं किंवा पायानं चालावं आणि बाईला फार श्रम न होता सलग आठ तास चालवता यावं, अशा अटी होत्या. किर्लोस्करवाडीच्या गणेश भास्कर काळे यांनी त्यासाठी यंत्र तयार केलं. बक्षीस अखेर कोणालाच मिळालं नाही, पण माणसाच्या शरीराला किती ताण झेपेल हे यंत्राच्या अटींतच लिहिलेलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. मगन चरखा तर पायानंच फिरतो. दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून दोन चात्यांवर दोन धागे एकाच वेळी निघतात. तिथे हात मोकळे करण्यासाठी पायाला जुंपलं. मी पाय चालते ठेवण्यासाठी हातांना काम देते.

आता वादाचा मुद्दा. थोडं तांत्रिक होईल, पण इथेच सगळं अडतं.

1997 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटं निरीक्षण मांडलं. चालताना बोलायची वेळ आली की जे वृद्ध थांबतात, ते पुढच्या काळात पडण्याची शक्यता जास्त असते. चालणं आणि बोलणं दोन्हींना लक्ष लागतं आणि ते अपुरं पडतं. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की म्हाताऱ्या माणसाला एका वेळी दोन कामं देऊच नयेत. हा निष्कर्ष मला मान्य नाही. चालताना लक्ष खर्च होतं ते प्रामुख्यानं तोल सांभाळण्यात. पाठ टेकून सायकल चालवताना तोलाचा प्रश्न जवळपास संपतो. पाऊल पायट्यावर, पायट्याचा मार्ग ठरलेला, आणि एकदा लय धरली की ती टिकवण्याचं बरंचसं काम मज्जारज्जूतली चेतापेशींची जाळी करतात. मग उरलेलं लक्ष सुयांवर का जाऊ नये?

अर्थात विणही बघावी लागते. सरळ सुलट टाक्यांची पट्टी असेल तर पाय एका लयीत फिरतात. टाके मोजून घटवायचे असले, जाळीची नक्षी असली, की पाय मंदावतात, कधी थांबतात. मी हे रोज बघते आणि त्याचा उपयोगही करते. साध्या ओळीतच पाय थांबले, तर सायकलचा ताण जास्त आहे असं मी धरते.

ट्रेडमिलवर मात्र सुया नकोतच. 2013 साली अमेरिकेत एकानं मॅरेथॉन धावता धावता बारा फुटांहून लांब मफलर विणून विक्रम केला, पण विक्रमवीराचा तोल माझ्या रुग्णांपाशी नसतो. शिवाय पट्ट्यात धागा गेला तर अनर्थ.

सायकलवर लोकरीचा गुंडा कमरेच्या पिशवीत ठेवावा, पायट्याच्या बाजूला लोंबू देऊ नये. तारेनं जोडलेली गोल सुई हातातून पडत नाही. क्रोशा त्याहून सुटसुटीत. मांडीवर उशी घेतली की मान फार वाकत नाही. पायटं सर्वांत खाली असताना गुडघा 25 ते 35 अंश वाकलेला राहील इतकी सीट दूर हवी. गुडघा बदललेल्यांनी फेरा पुरा होत नसेल तर जोर करू नये. त्यासाठी गुडघा साधारण 110 अंश वाकावा लागतो. बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत दम लागला की तो मध्यम व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना असा व्यायाम आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते. त्याहून जोराचा व्यायाम करायचा तर सुया खाली ठेवायच्या, कारण धापा टाकत कोणी नीट विणू शकत नाही.

एक शंका मलाही सोडत नाही. काकूंना सायकलवर टिकवलं ते लोकरीनं, की कोणीतरी त्यांच्या आवडीची दखल घेतली म्हणून त्या टिकल्या? दोन्ही वेगळं काढायचं साधन माझ्याकडे नाही. पण प्रशिक्षकानं सुया काढून घेतल्या तेव्हा दोन्ही एकदमच गेलं, हे नक्की.

म्हणून अपार्टमेंटच्या समित्यांना आणि मुला-सुनांना माझं सांगणं आहे: आई सायकलवर बसून विणत असेल तर तिला थांबवू नका, सीट आणि धागा तेवढा तपासा. आणि माझ्या व्यवसायबंधूंना सांगणं असं, की किती वेळ आणि किती वेळा हे आपण कागदावर लिहितोच, त्याच्या वर एक ओळ आणखी लिहा: या माणसाच्या हातांना काय करायला आवडतं. ती ओळ कोरी असेल, तर खालचा व्यायाम लिहायची घाई करू नका.