दुधाची वाटी

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण मी वर्गात इतक्या वेळा समजावून दिली आहे की, मांजराचे अन्न म्हणजे दूध, याविषयी मला कधी शंकाच आली नाही. माझ्या एका कादंबरीत मांजर आहे. तेही बिचारे दूधच पिते.

आमचे गाव वसमत. पूर्वी परभणी जिल्ह्यात होते, १९९९ पासून हिंगोलीत आहे. हळद मात्र तीच. फाल्गुनात आमच्या पडवीत शेजाऱ्यांची हळदीची पोती उतरली, आणि त्यांच्यामागे एका भाटीने तीन पिले घातली. महिनाभराने ती एका रात्री गेली, ती परतलीच नाही. पिले रडरड रडली. आमचे घर माळकरी. अंडेसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेले नाही. आईने गाईचे दूध कोमट करून पितळेच्या वाटीत ठेवले. पिलांनी वाटी लख्ख चाटली.

"किती भुकेजली होती रे लेकरं!" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांना हगवण लागली. गाईचे दूध पातळ पडले असेल, असे समजून मी शहाणपणाने म्हशीचे आणले. चौथ्या दिवशी पहाटे पांढरे पिलू पोत्याआड गार पडलेले सापडले.

उरलेली दोन टोपलीत घालून मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. "मास्तर, गाईचं दूध वासरासाठी असतं," ते म्हणाले. "त्यातली साखर या पिलांना पचत नाही. हे वाघाचं कूळ. याला मांसच हवं." मांसात टॉरीन नावाचे एक द्रव्य असते आणि मांजराचे शरीर ते स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही. ते न मिळाल्यास मांजराची नजर जाते, हे १९७५ साली सिद्ध झाले. हृदयही दुबळे होते, हे १९८७ साली. पहिली गोष्ट माझ्या जन्माआधीची! आणि मी पोरांना म्हणी शिकवीत बसलो होतो.

पिलांसाठीचे तयार खाद्य सर्वांत निर्धोक, कारण त्यात सारे मोजून घातलेले असते. पण पाकिटावरची किंमत वाचून मला महिनाअखेर आठवली. डॉक्टर हसले. लहान पाकीट घ्या, पाण्यात भिजवून तेच मुख्य ठेवा, म्हणाले. जोडीला उकडलेले अंडे किंवा कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे, शिजवलेल्या पाण्यासकट, कारण टॉरीन पाण्यात उतरते. नुसत्या मांसावर ठेवू नका, चुना कमी पडून हाडे धरत नाहीत. दिवसातून चार वेळा, थोडे थोडे. मीठ-मसाला नको, आणि कांदा-लसूण तर विषच.

हे शेवटचे ऐकून आईचा चेहरा जरा निवळला. "म्हणजे कांदा-लसूण पाळतात म्हण की!"

तरी घरात काही शिजणार नव्हते. परसात शेवग्याखाली तीन विटांची चूल मांडली, एक जुने ॲल्युमिनियमचे पातेले तिच्यासाठी काढून दिले. बाजारातून आणणे, शिजवणे, पातेले घासणे, सारे माझ्याकडे. आई दारात उभी राहून फक्त वेळ सांगे. दहा-बारा दिवसांत पिलांची पोटे सुधारली, आणि ती पडवीच्या खांबावर चढू लागली.

वैशाखात एकदा शाळेच्या कामात मला दुपार टळून गेली. धापा टाकीत परसात आलो, तो चूल विझत आलेली. आई हात धूत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "किती वेळ उपाशी ठेवायची?"

पिले जेवत होती. शेजारी पळसाच्या पानावर थोडे अंडे उरले होते. तिने त्याचे तीन वाटे केले होते.